तांब्याचा लहान बॉयलर : डाग कोणता आणि जळण कोणते?



गाळप हंगाम संपला की आपल्या कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीची कामे निघतात. त्याच दिवसांत गावोगावचे सभासद आणि त्यांची मुले आपापली लहानसहान कामे घेऊन सल्ला विचारायला येतात. लिंबागणेश, मांजरसुंबा या भागातून एकच प्रश्न निरनिराळ्या रूपाने आमच्यापुढे येतो. कोणाच्या मुलाने लग्नसराईत कॉफीचे यंत्र भाड्याने देण्याचा धंदा काढलेला असतो आणि त्या यंत्राची वाफेची टाकी गळू लागलेली असते. कोणाला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी वाफेवर फिरणारे चाक करायचे असते. कोणी तर घरातला जुना तांब्याचा बंबच उचलून आणतो आणि म्हणतो, "मिस्त्री, एवढं तोंड बंद करा आणि वर एक तोटी बसवून द्या. वाफ निघाली म्हंजे झालं."

हे शेवटचे काम आम्ही करीत नाही. का करीत नाही, आणि करायचेच झाले तर लहान बॉयलर कसा करावा, त्याला डाग कोणता द्यावा, खाली जळण कोणते लावावे, याची माहिती एकत्र असावी म्हणून हा लेख लिहीत आहोत. आपल्या मुलांपैकी पुष्कळजण आय. टी. आय. करून गावात वर्कशॉप टाकतात. त्यांनी तर तो जरूर वाचावा.

बंब आणि बॉयलर यांत फरक काय?

दिसायला दोन्ही सारखेच. मध्ये नळी, नळीत जाळ, भोवती पाणी. पण बंबाचे पाणी वरून मोकळे असते. त्यामुळे कितीही जाळ घातला तरी पाणी शंभर अंशांच्या आसपास उकळते आणि वाफ वाट मिळेल तिकडे निघून जाते. बंबाच्या सांध्यावर फक्त आतल्या पाण्याचे वजन पडते. म्हणून बाजारात कथील-शिशाचा डाग देऊन दुरुस्त केलेला बंब वर्षानुवर्षे चालतो.

तोंड बंद केले की सगळे बदलते. वाफेचा दाब वाढतो, आणि दाबाबरोबर पाण्याची उष्णताही वाढत जाते. आपल्या घरचा प्रेशर कुकर शिट्टी देतो तेव्हा आत सुमारे १ किलो दाब असतो (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो) आणि पाणी १२० अंशांवर असते. २ किलोला १३३ अंश, ३ किलोला १४३, ५ किलोला १५८, आणि १० किलो दाबाला सुमारे १८३ अंश. हा शेवटचा आकडा ध्यानात ठेवावा. कथील-शिशाचा नेहमीचा डाग वितळू लागतो तो याच १८३ अंशांवर.

कोणी म्हणेल, आम्हाला दहा किलो कुठे पाहिजे? आम्हाला दोन-तीन किलोच पुरे. खरे आहे. पण कथील-शिशाचा डाग वितळण्याच्या पुष्कळ आधीच मऊ पडतो. दीडशे अंशांच्या आसपास सतत ओढ बसत राहिली तर तो दिवसेंदिवस थोडाथोडा सरकतो. वरून काही दिसत नाही आणि मग एके दिवशी सांधा सुटतो.

कल्हईने शिकवलेली गोष्ट

हा विषय समजायला कल्हईचे उदाहरण फार चांगले आहे. कल्हई म्हणजे शुद्ध कथील, ते २३२ अंशांवर वितळते. चुलीतला जाळ त्याच्या कितीतरी पट गरम असतो. तरी पातेल्याची कल्हई वर्षभर टिकते. का? तर पातेल्यात आमटी असते, पाणी असते. पाणी उष्णता ओढून घेते आणि तांब्या-पितळेला फार तापू देत नाही. पण तेच पातेले कोणी कोरडे चुलीवर विसरले, तर दोन-चार मिनिटांत कल्हई ओघळून तळाला गोळा होते. घरातल्या बायांना हे शिकवावे लागत नाही.

बॉयलरचेही असेच आहे. लाकडाचे लाल निखारे आठशे-हजार अंशांपर्यंत जातात, गॅसची ज्योत त्याहूनही गरम. खुद्द तांबे वितळते १०८३ अंशांवर. म्हणजे कोणतेही जळण घ्या, ते सांध्याला पुरून उरेल इतके गरम आहेच. सांध्याला वाचवते ते पलीकडचे पाणी. तेव्हा डाग निवडताना पाणी भरलेले असताना काय होईल हे पाहून भागत नाही. पाणी खाली गेले, कोणाचे लक्ष नव्हते, आणि दोन मिनिटे जाळ कोरड्या तांब्यावर लागला, तर काय होईल, हे पाहायचे. आणि जळण निवडताना ते किती चांगले पेटते यापेक्षा किती लवकर विझवता येते, हे आधी पाहायचे. डाग आणि जळण या दोन गोष्टी म्हणूनच एकत्र ठरवाव्या लागतात.

डागाचे प्रकार

आपल्याकडे मिळणारे डाग सोयीसाठी चार गटांत मांडता येतील.

पहिला, कथील-शिशाचा डाग. सुमारे १८३ ते १९० अंशांत वितळतो. रेडिओ, तारा, पत्र्याचे डबे यांसाठी ठीक. दाबाच्या भांड्याला अजिबात नको. शिवाय कॉफीच्या यंत्रातली वाफ थेट दुधात जाते, म्हणून तिथे शिसे असताच कामा नये.

दुसरा, पितळी डाग. तांबे साठ भाग, जस्त चाळीस भाग, वितळण्याचा अंश सुमारे ९००. आपले तांबट आणि कासार हाच डाग पिढ्यान् पिढ्या देत आले. जुन्या हंड्याच्या पोटावर नीट पाहिले तर पत्र्याच्या कडा दातेरी कापून एकमेकांत अडकवलेल्या दिसतात. त्या फटीत पितळेचा चुरा आणि टाकणखार (कोणी सवागी म्हणते) भरून भट्टीत झाळलेले असते. पुण्याच्या तांबट आळीने हेच काम पेशवाईपासून चालवले. डाग मजबूत खरा, पण तो वितळतो ९०० ला आणि तांबे १०८३ ला. मधले अंतर दोनशे अंशही नाही. हात बसलेला नसेल तर डागाआधी पत्राच खाली बसतो. जास्त तापले तर जस्त उकळून पांढरा धूर होतो, आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. आणखी एक अडचण अशी की गरम पाण्यात पितळेतले जस्त हळूहळू विरघळून जाते आणि मागे सच्छिद्र तांबे उरते.

तिसरा, फॉस्फरसवाल्या तांब्याचा डाग. फ्रीज आणि एसी दुरुस्त करणाऱ्यांकडे हीच कांडी असते. सुमारे ७ टक्के फॉस्फरस असलेली कांडी ७१० अंशांवर पाघळू लागते आणि ७९० च्या सुमारास पूर्ण पातळ होते. तांब्यावर तांबे जोडताना हिला वेगळा फ्लक्स लागत नाही आणि ती स्वस्तही पडते. म्हणून बीडच्या बाजारात "तांब्याची कांडी द्या" म्हटले की हीच हातात येते. पण हिच्यात दोन दोष आहेत. लोखंड किंवा स्टीलला ती लावली तर सांधा काचेसारखा ठिसूळ होतो. आणि गंधक असलेल्या गरम धुरात हा डाग हळूहळू पोखरला जातो. दगडी कोळसा, जळके ऑईल, डिझेल यांच्या धुरात गंधक असते. तेव्हा अशा जाळावर चालणाऱ्या बॉयलरला ही कांडी वापरू नये. डाग आणि जळण एकत्र पाहावे असे वर म्हटले, त्याचे हे एक उदाहरण.

चौथा, चांदीचा डाग. यात चांदी, तांबे, जस्त आणि थोडे कथील असते. ५५ टक्के चांदीची कांडी ६३० ते ६६० अंशांत पाण्यासारखी पातळ होते आणि केसाएवढ्या फटीत आपोआप ओढली जाते. २४ टक्के चांदीची कांडी साधारण ७४० ते ७८० अंशांत वितळते. तांबे वितळायला अजून तीन-चारशे अंशांची सवड असल्याने नवशिक्याचा पत्राही जळत नाही. तांब्याच्या लहान बॉयलरला आमचा सल्ला याच डागाचा आहे.

चांदीची कांडी घेताना वेष्टनावर एक शब्द शोधावा : कॅडमियम. काही कांड्यांत ते घातलेले असते. त्याने डाग आणखी कमी उष्णतेवर आणि फार छान पळतो, पण कॅडमियमचा धूर विषारी असतो. त्या वेळी काही जाणवत नाही, काही तासांनी ताप, खोकला आणि धाप सुरू होते, आणि त्यात माणूस दगावू शकतो. युरोपीय देशांनी २०११ साली अशा कांड्यांवर बंदी घातली. आपणही "कॅडमियम-फ्री" लिहिलेलीच कांडी मागावी. वेष्टन नसलेली, सुटी कांडी घेऊ नये.

चांदी म्हटले की लोक दचकतात

"चांदीचा डाग परवडंल का?" हा प्रश्न हमखास येतो. म्हणून हिशेबच करून पाहू.

१५ सेंटिमीटर व्यासाची आणि ३० सेंटिमीटर लांबीची टाकी घेऊ. तिच्यात सुमारे सव्वापाच लिटर पाणी मावते. तिच्या तोंडाचा घेर ४७ सेंटिमीटर. झाकणाची कड १ सेंटिमीटर वळवून आत बसवली आणि फट ०.१ मिलिमीटर ठेवली, तर त्या फटीत साधारण साडेचार ग्रॅम डाग मावतो. कडेला दिसणारा डाग आणि वाया जाणारा धरून दुप्पट समजा. म्हणजे एका झाकणाला नऊ-दहा ग्रॅम, दोन्ही झाकणांना वीस ग्रॅम. त्यात ५५ टक्के चांदी म्हणजे अकरा ग्रॅम, जेमतेम तोळाभर. पायातल्या पैंजणांतही याहून जास्त चांदी असते.

आता त्या तोळाभर चांदीवर काय टांगलेले आहे ते पाहा. ३ किलो दाबाला त्या एका गोल झाकणावर आतून जोर पडतो सुमारे ५३० किलोचा. पन्नास किलोची दहा पोती साखर त्या सांध्याला लोंबकळत ठेवावी, तसे हे आहे. शिवाय टाकीत चार लिटर पाणी १४३ अंशांवर असेल आणि झाकण एकदम सुटले, तर त्यातले तीनशे ग्रॅमहून जास्त पाणी क्षणात वाफ होते. ती वाफ पाचशे लिटरहून अधिक जागा व्यापते, म्हणजे दोनशे लिटरच्या अडीच बॅरलएवढी. उरलेले उकळते पाणी उडते ते वेगळेच. लग्नाच्या मांडवात अशा टाकीजवळ लहान पोरे उभी असतात.

पत्रा किती जाड असावा, याचाही साधा हिशेब आहे. दाब गुणिले व्यास, भागिले तांब्याला सोसवेल त्या ताणाची दुप्पट. तांब्याच्या ताकदीचा फक्त आठवा हिस्सा धरायचा, म्हणजे चौरस मिलिमीटरला सुमारे २ किलो. वरच्या टाकीला उत्तर येते एक-सव्वा मिलिमीटर. गंज, झीज आणि तापून मऊ पडणे लक्षात घेऊन १.६ मिलिमीटर, म्हणजे १६ गेजचा पत्रा घ्यावा. सपाट झाकण दाबाने फुगते, म्हणून ते याहून जाड हवे किंवा दोन्ही झाकणांना जोडणाऱ्या आधाराच्या सळ्या हव्यात.

तांबे कोणते, हेही पाहावे. विजेच्या पट्ट्यांच्या तांब्यात पुष्कळदा थोडा प्राणवायू मुरलेला असतो. गॅसच्या ज्योतीत असे तांबे आतून तडकून ठिसूळ होऊ शकते. फ्रीजच्या नळ्यांचे फॉस्फरसने शुद्ध केलेले तांबे झाळायला चांगले. तोट्या बसवायच्या बुशिंग पितळेच्या नकोत, गनमेटलच्या घ्याव्यात.

डाग देतानाचा जाळ

डाग देण्यासाठी लागणारा जाळ वेगळा आणि बॉयलरखालचा जाळ वेगळा. आधी पहिल्याविषयी.

तांबे उष्णता पळवते. लोखंडापेक्षा ते सुमारे आठपट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून ऑक्सिजन-अॅसिटिलीनची बारीक, टोकदार ज्योत तांब्याच्या टाकीवर धरली की उलटेच होते. ज्योतीखालचा बिंदू वितळून भोक पडते, आणि वीतभर अंतरावरचा सांधा अजून काळाच असतो. तांब्याला फार गरम ज्योत नको, मोठी ज्योत हवी. एलपीजीचा रुंद तोंडाचा मोठा बर्नर, भोवती भट्टीच्या विटांचा आडोसा, आणि सगळी टाकी सारखी तापवणे, ही खरी रीत. तांबट भाता मारून कोळशाच्या भट्टीत हेच करतात. घरगुती सिलिंडर या कामाला वापरू नये, तो फक्त स्वयंपाकासाठी असतो. १९ किलोचा व्यापारी सिलिंडर घ्यावा.

इथेच एक इशारा. अॅसिटिलीनची रबरी नळी जोडायला काहीजण तांब्याच्या नळीचा तुकडा वापरतात. तसे कदापि करू नये. अॅसिटिलीन आणि तांबे यांच्यापासून एक स्फोटक पदार्थ तयार होतो आणि तो नुसत्या धक्क्यानेही उडतो.

कामाचा क्रम असा ठेवावा :

१) पत्रा लाल करून पाण्यात बुडवावा, म्हणजे मऊ होतो. मग आकार द्यावा.

२) सांधा स्वच्छ करावा. जुने लोक चिंच लावीत, आपण कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालावे. नंतर साध्या पाण्याने धुऊन कोरडे करावे.

३) फट ०.०५ ते ०.१५ मिलिमीटर ठेवावी. डाग म्हणजे लांबी-बोळ्याची भर नव्हे. रुंद फट डागाने बुजवली तर ती दिसते भरलेली, पण तिच्यात जोर नसतो.

४) फ्लक्स लावावा. टाकणखार सुमारे ७४० अंशांवर वितळतो. पितळी डागाला तो चालतो, पण ५५ टक्के चांदीचा डाग त्याआधीच पातळ झालेला असतो. त्यासाठी चांदीच्या डागाचा खास फ्लक्स मिळतो तोच घ्यावा. त्याचा धूरही चांगला नसतो, म्हणून काम उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला उभे राहून करावे.

५) कांडी ज्योतीत वितळवू नये. तांबे इतके तापवावे की कांडी टेकवताच ते तिला वितळवील. डाग नेहमी उष्णतेकडे धावतो.

६) एकाहून अधिक सांधे असतील तर आतले सांधे आधी २४ टक्क्यांच्या कांडीने द्यावेत, शेवटचे ५५ टक्क्यांच्या. म्हणजे दुसरा सांधा देताना पहिला सुटत नाही.

७) टाकीला एक तरी भोक उघडे ठेवूनच तापवावी. बंद भांडे, त्यात थेंबभर पाणी जरी असले, तरी ज्योतीखाली धरू नये.

दुरुस्तीला आलेल्या टाकीबाबत एक गोष्ट विशेष. ज्या सांध्याला एकदा शिशाचा डाग लागला, त्यावर चांदीचा डाग धरत नाही. शिसे तांब्यात शिरते आणि सांधा कच्चा राहतो. तिथले सगळे शिसे खरवडून, घासून उजळ तांबे निघाले तरच पुढे जावे. नाही निघाले तर तो भाग कापून नवा पत्रा घालावा. "आज लग्न आहे, तात्पुरतं शिशानं भागवा" असे म्हणून केलेले काम पुढचे पक्के कामही बिघडवून ठेवते.

बॉयलरखालचे जळण

आपण ऊसवाले. घरोघर चिपाडे आहेत, मग तीच का नको? आपल्या कारखान्याचे मोठे बॉयलर चिपाडावरच चालतात. पण मिलमधून निघालेल्या चिपाडात जवळजवळ निम्मे पाणी असते आणि एका किलोपासून साधारण सव्वादोन हजार कॅलरी (किलो-कॅलरी) मिळतात. वाळल्या लाकडापासून साडेतीन हजार, लोणारी कोळशापासून सात हजार, स्पिरिटपासून साडेसहा हजार आणि एलपीजीपासून अकरा हजारांच्या आसपास.

पण नुसती कॅलरी पाहू नका. विझवण्याचा प्रश्न पाहा. टाकीतले पाणी कमी झाले असे दिसले, तर गॅसची चावी फिरवली की जाळ त्याच क्षणी बंद. लाकूड, कोळसा, चिपाड यांचे तसे नाही. जाळ ओढून बाहेर काढला तरी निखारा आणि तापलेल्या विटा पुढे पाच-दहा मिनिटे उष्णता देतच राहतात. कारखान्यात हे सांभाळायला पाणी टाकणारे पंप असतात, पाण्याच्या पातळीवर नजर ठेवणारा परवानाधारक अटेंडंट असतो, पाण्याचा साठा टनांनी असतो. पाच लिटरच्या टाकीत यातले काहीच नसते. म्हणून लहान बॉयलरला निखाऱ्याचे जळण आम्ही सुचवत नाही.

शाळेच्या प्रदर्शनातल्या अगदी लहान, पेलाभर पाण्याच्या बॉयलरला स्पिरिटचा दिवा चालतो. हे स्पिरिट आपल्याच मळीपासून निघते. ते स्वच्छ जळते, काजळी धरत नाही, आणि दिव्यात मोजकेच घातले तर पाणी संपण्याआधी दिवाच संपतो. हा फायदा मोठा आहे. मात्र त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. दिवा विझला असे समजून बाटलीतून स्पिरिट ओतायला गेलेल्या मुलांचे हात-तोंड भाजते. दिवा पूर्ण थंड झाल्याशिवाय भरू नये, आणि भरण्याचे काम शिक्षकांनी स्वतः करावे. डिनेचर्ड स्पिरिट विषारी असते आणि त्यावर राज्य उत्पादन शुल्क खात्याचे नियंत्रण आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

कॉफीच्या यंत्राला एलपीजीच योग्य. त्याच्या धुरात गंधक नगण्य असते आणि चावी हाताशी राहते. सिलिंडर टाकीपासून दूर ठेवावा आणि चावी अशा जागी असावी की टाकीसमोर न जाता ती बंद करता येईल.

पाणी कोणते?

बालाघाटाच्या काळ्या खडकातले बोअरचे पाणी जड असते. बंबाच्या आत जी पांढरी खपली धरते ती त्याचीच. बंबात ती फक्त जळण वाढवते. बॉयलरमध्ये मात्र ती पाणी आणि तांबे यांच्यामध्ये पडदा धरते. पाणी भरलेले असूनही तांबे तापत जाते, म्हणजे कल्हईच्या कोरड्या पातेल्याचीच गत. पावसाचे गाळलेले किंवा आर. ओ. चे पाणी वापरावे, रोज काम संपल्यावर टाकी रिकामी करावी, आणि खपली दिसली तर लिंबूसत्त्वाच्या पाण्याने काढून टाकून स्वच्छ धुवावी.

चाचणी आणि कायदा

१८६३ साली कलकत्त्यात बॉयलरचा मोठा स्फोट होऊन माणसे दगावली आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. सगळ्या देशाला लागू होणारा कायदा १९२३ साली आला आणि २०२५ साली त्याच्या जागी नवा बॉयलर कायदा झाला. पण २५ लिटरपेक्षा कमी पाणी मावणारी टाकी या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. काहीजण याचा अर्थ असा घेतात की लहान टाकीला धोका नाही. अर्थ तो नाही. अर्थ इतकाच, की तुमच्या टाकीला बॉयलर इन्स्पेक्टर येणार नाही. म्हणजे जो डाग देतो आणि जो ती वापरतो, त्या दोघांनीच इन्स्पेक्टर व्हायचे आहे.

तपासणी अवघड नाही. टाकी थंड पाण्याने काठोकाठ भरावी, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, आणि हातपंपाने चालू दाबाच्या दुप्पट दाब द्यावा. ३ किलोच्या टाकीला ६ किलो. दहा-पंधरा मिनिटे काटा हलता कामा नये, सांधा पाझरता कामा नये, झाकण फुगता कामा नये. पाणी दबत नाही, म्हणून अशा चाचणीत टाकी फाटली तरी फक्त पाणी सांडते. हवेचा कॉम्प्रेसर लावून ही चाचणी कधीही करू नये, कारण दाबलेली हवा फुटली तर तुकडे उडतात. त्यानंतर वाफेची चाचणी. जाळ पूर्ण मोठा ठेवून तोटी बंद करावी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह एकट्याने सगळी वाफ सोडतो की नाही हे पाहावे. दाब ठरलेल्या आकड्याच्या दहा टक्क्यांहून वर गेला तर व्हॉल्व्ह लहान पडतो, मोठा बसवावा. दरवर्षी हंगामाआधी पाण्याची चाचणी दीडपट दाबाने पुन्हा करावी आणि तारीख टाकीवर रंगाने लिहावी.

दाबाचा काटा, पाण्याची काच आणि सेफ्टी व्हॉल्व्ह या तिन्ही गोष्टी नसलेली टाकी पेटवूच नये. व्हॉल्व्ह सारखा फुसफुसतो म्हणून त्यावर तार गुंडाळणारे लोक असतात. असे यंत्र मांडवात दिसले तर कॉफी न पिता मुलांना तिथून बाजूला न्यावे, आणि यंत्रवाल्याला चार शब्द समजावून सांगावे.

गावातल्या मिस्त्री मंडळींना शेवटी एवढेच सांगणे आहे. टाकी तुमच्याकडे आली तर आधी विचारा : दाब किती, जळण कोणते, पूर्वी डाग कशाचा होता? उत्तर मिळाले नाही, किंवा गिऱ्हाईक चाचणीला तयार नसेल, तर काम परत करा. परत केलेल्या कामाने शे-दोनशे रुपये बुडतील, गिऱ्हाईक चार दिवस रागावेल. ज्या सभासदांना किंवा त्यांच्या मुलांना असा लहान बॉयलर करायचा आहे, त्यांनी पत्रा कापण्याआधी कागदावर आकृती काढून, दाब आणि जळण लिहून वर्कशॉपमध्ये घेऊन यावे. बसून हिशेब करू. बंबाचे तोंड मात्र मोकळेच राहू द्यावे, ही विनंती.